सोडतींत पणाला काय लागतें?

मनुष्यास फुकट वस्तु हवी असते. आणि ती आपणांस हवी आहे हें चारचौघांस कळूं नये असेंही त्यास वाटत असतें. आपल्या भाषेनें या दुटप्पीपणाची नोंद फार पूर्वींच करून ठेवली आहे. ‘फुकट’ हा एकच शब्द आपण ‘विनामूल्य’ या अर्थानें वापरतों आणि ‘व्यर्थ’ या अर्थानेंही वापरतों. ‘फुकट मिळालें’ असें सांगतांना स्वरांत जो आनंद असतो, त्याचा लवलेशही ‘फुकट गेलें’ म्हणतांना नसतो. मोल दिल्यावांचून जें हातीं आलें त्याचें मोल आपण नकळत दुसऱ्या कोणत्या तरी नाण्यांत दिलें असावें, अशी एक शंका सामान्य व्यवहारी माणसाच्या मनांतही दबा धरून बसलेली असते. ही शंका कितपत खरी, आणि खरी असल्यास तें दुसरें नाणें कोणतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विचारास निमित्त झालें तें एका सोडतीचें. स्मार्टफोन विकणाऱ्या मंडळींकडून, तसेंच त्या फोनचे शौकीन लोक इंटरनेटवर जे समुदाय स्थापन करतात त्यांच्याकडून, मधून मधून एखादा कोरा फोन ‘देऊन टाकण्या’ची घोषणा होते. इंग्रजी नांवानें तिला ‘गिव्हअवे’ म्हणतात. अटी अगदीं साध्या असतात. आपलें नांव, फोनचा क्रमांक व ई-मेलचा पत्ता नोंदवावा. समुदायाचें सभासदत्व घ्यावें. हा फोन आपणांस कां आवडतो याविषयीं दोन ओळी लिहाव्या. आणि शेवटीं ही वार्ता आपल्या स्नेह्यांस कळवावी. आपण पाठविलेल्या लिंकवरून जो जो स्नेही नांव नोंदवील, त्याच्या नांवामागें आपली एकेक चिठ्ठी वाढते. ठरल्या दिवशीं संगणक त्या सर्व चिठ्ठ्यांतून एक उचलतो, आणि ज्याची ती असेल त्यास फोन पोंचता होतो. कोणाकडूनही एक पैसा घेतला जात नाहीं. मग यांत नीतीचा प्रश्न आला कोठून, असें वाचक विचारतील. कांहीं वर्षांपूर्वीं मीही तसेंच विचारलें असतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोडतींत नशिबाचा भाग असतो म्हणून ती निंद्य, असें म्हणतां येणार नाहीं. वस्तु एक, मागणारे अनेक, आणि सर्वांचा अधिकार सारखा, अशी स्थिति जेथें असते तेथें चिठ्ठी टाकण्याइतका निःपक्षपाती न्याय दुसरा नाहीं. प्राचीन अथेन्समध्यें पांचशे सभासदांची सभा चिठ्ठ्यांनीं निवडीत. सेनापति मात्र मतें घेऊन निवडीत, कारण त्या कामास विशेष गुण लागत. आपल्याकडे ‘म्हाडा’च्या घरांची सोडत निघते. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वयें खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं ज्या शेंकडा २५ जागा राखून ठेवावयाच्या, त्यांसाठीं अर्ज अधिक आले म्हणजे महाराष्ट्रांत सोडतच काढतात. त्या सोडतींत वशिला चालत नाहीं, हाच तिचा मोठा गुण. तेव्हां चिठ्ठीस दोष देणें व्यर्थ होय. चिठ्ठी डब्यांत पडण्यासाठीं कोणी काय टाकलें, हें पाहिलें पाहिजे.

या दृष्टीनें पाहतां, मोबदल्यावांचून वस्तु मिळण्याचे दोन प्रकार आपल्या परंपरेस परिचित आहेत: दान आणि द्यूत. दानाची कसोटी आपल्या शास्त्रकारांनीं कडक ठेविली आहे. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरतां जें दिलें जातें तेंच उत्तम. प्रत्युपकाराच्या आशेनें दिलेलें दान त्यांनीं एक पायरी खालीं उतरविलें आहे. द्यूताविषयींही त्यांनीं पुष्कळ विचार केला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचें एक संबंध सूक्त आहे. मनूनें निर्जीव वस्तूंनीं खेळावयाचें तें द्यूत व सजीव प्राण्यांच्या झुंजीवर खेळावयाचें तें समाह्वय असा भेद केला आणि राजानें दोन्हीं बंद करावीं असें सांगितलें. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्यानें द्यूतावर एक अध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच हिस्सा वसूल करण्यास सांगितलें. आजचें सरकार दोघांचेंही थोडें थोडें ऐकतें. जुगारास तें बंदी करतें. पण महाराष्ट्रानें १९६९ सालीं स्वतःची लॉटरी सुरू केली, आणि सोडतींत जिंकलेल्या बक्षिसावर आयकराचा दर शेंकडा ३० आहे. कौटिल्याच्या सहापट!

एके काळीं शब्दकोड्यांच्या स्पर्धांनीं मध्यम वर्गास कसें वेड लावलें होतें, हें वडील पिढीच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्या स्पर्धांवर कर बसविणाऱ्या मुंबई राज्याच्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगलोरहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकांतील कोडें हा त्या वादाचा विषय होता. १९५७ सालच्या निकालांत सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनीं ऋग्वेदापासून स्मृतींपर्यंतचा मागोवा घेतला आणि द्यूत हा ‘व्यापार’ या संज्ञेस पात्र नाहीं असें ठरविलें. कोडें सोडविणारा सुशिक्षित गृहस्थ आपण बुद्धीची करमणूक करीत आहों असें समजत होता. न्यायालयानें त्यास सांगितलें कीं, बाबा रे, तूं फांसे टाकीत आहेस.

आतां स्मार्टफोनची ही सोडत कोणत्या वर्गांत घालावयाची? दान म्हणावें, तर देणारा पात्र पाहत नाहीं आणि त्याची अपेक्षा मोठी असते. द्यूत म्हणावें, तर खेळणाऱ्यानें पैसा लावलेला नसतो. अमेरिकेंत लॉटरीचीं तीन अंगें मानतात: बक्षीस, दैवयोग आणि मोबदला. यांपैकीं मोबदला काढून टाकला कीं ती लॉटरी राहत नाहीं. म्हणूनच तेथील जाहिरातींत ‘खरेदीची आवश्यकता नाहीं’ हें वाक्य आवर्जून छापलेलें असतें. आपल्याकडील २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा यापुढें जातो. मालाच्या विक्रीस किंवा धंद्याच्या हितास चालना देण्यासाठीं काढलेली सोडत, नियमांनीं मोकळीक दिलेले प्रकार वगळतां, तो अनुचित व्यापारी प्रथेंत धरतो. बक्षिसांच्या योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपविणें हेंही त्यांतच धरतो. परंतु कायद्यानें काय ठरविलें यावर नीतीचा निकाल लागत नाहीं. नीतीचा प्रश्न एवढाच कीं, पैसा लागला नाहीं म्हणून कांहींच पणाला लागलें नाहीं, हें खरें काय?

थोडें गणित करूं. समजा, फोनची किंमत २०,००० रुपये आहे आणि डब्यांत १०,००० चिठ्ठ्या पडल्या. पास्कल व फर्मा यांनीं १६५४ सालीं एकमेकांस लिहिलेल्या पत्रांतून संभाव्यतेचें जें गणित जन्मास आलें, त्याप्रमाणें प्रत्येक चिठ्ठीची किंमत दोन रुपये होते. सोडत काढणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तरी तोच आंकडा येतो. एवढ्या चिठ्ठ्यांमागें जीं नांवें, जे क्रमांक आणि स्तुतीच्या ज्या ओळी त्यास मिळाल्या, त्या त्यास नगास सुमारें दोन रुपयांस पडल्या. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत लॉटरीविषयीं एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे: जितकीं अधिक तिकिटें घ्यावीं तितका तोटा निश्चितीच्या जवळ येतो, आणि सर्व तिकिटें एकट्यानें घेतलीं तर तो अगदीं निश्चित होतो. आपल्या सोडतींतही असेंच एक कोडें दडलें आहे. मीं चाळीस स्नेही आणले तर माझ्या चिठ्ठ्या चाळिसांनीं वाढतात खऱ्या. पण सर्वांनींच चाळीस चाळीस आणले, तर प्रत्येकाचा वांटा मूळच्या प्रमाणावरच येऊन थांबतो. फोन एकच राहतो, आशा तेवढीच राहते. वाढतो तो केवळ नांवांचा ढीग, आणि तो कोणाच्या घरीं जातो हें सांगावयास नकोच.

येथवरचें विवेचन कोणीही घरीं बसून करूं शकेल. मला तें सुचलें तें मात्र फार उशिरां, आणि एक चूक करून बसल्यावर. ती हकीकत सांगणें मला सुखाचें नाहीं. पण ती वगळली तर लेखांतील मुख्य मुद्दाच लंगडा पडेल.

सन २०२० मध्यें टाळेबंदीमुळें महाविद्यालयें बंद झालीं आणि पावसाळ्यापासून आमचे वर्ग मोबाइलवर भरूं लागले. माझ्या वर्गांत एक मुलगी होती. वडील शेतावर मजुरी करणारे, घरांत शिकणारीं भावंडें तीन, आणि फोन एकच. तोही दिवसा वडिलांच्या खिशांत. आठवड्यांतून एखाद्या वेळीं तिचें नांव पडद्यावर दिसे आणि तास संपण्यापूर्वींच नाहींसें होई. ऑगस्टांत एके दिवशीं तिचा निरोप आला: “सर, एका ठिकाणीं स्मार्टफोनची सोडत आहे. या लिंकवरून आपण नांव नोंदवलंत तर माझी एक चिठ्ठी वाढेल. आपली ओळख मोठी आहे, आणखी कुणाला सांगितलंत तर उपकार होतील.”

मीं नांव नोंदविलें. एवढ्यावर थांबलों असतों तर आज हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. मीं ती लिंक चाळीस जणांस पाठविली. त्यांत जुने सहाध्यायी होते, नातेवाईक होते, निवृत्त सहकारी होते. मुलीच्या गरिबीचा डांगोरा पिटूं नये म्हणून तिच्याविषयीं मीं अवाक्षर लिहिलें नाहीं. लिहिलें तें इतकेंच: ‘उपक्रम चांगला आहे, अवश्य नांव नोंदवावें.’ त्या उपक्रमाविषयीं मला काडीचीही माहिती नव्हती. तो चांगला असावा अशी माझी इच्छा होती, आणि इच्छेस मीं विधानाचा पोशाख चढविला होता.

सोडत निघाली. फोन दूरच्या कोणा परप्रांतीयास मिळाला. त्यांत लबाडी झाली असें म्हणण्यास मला आधार नाहीं, आणि तसा माझा आरोपही नाहीं. पुढें तीन आठवड्यांनीं, माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचा फोन आला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं नांव पाहिलं म्हणून मी बिनदिक्कत नंबर दिला. आतां दिवसांतून आठ-दहा फोन येतात, कर्ज घ्या, विमा घ्या. हे गेल्यापासून फोन वाजला कीं उगाच छातींत धस्स होतं. ती मंडळी तुमच्या ओळखीची असतील ना? त्यांना सांगून आमचा नंबर तेवढा काढून घ्या.”

ती मंडळी माझ्या ओळखीची नव्हती. वहिनींचा क्रमांक त्याच सोडतींतून बाहेर गेला हें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. तो अन्य कोठूनही गेला असेल. परंतु माझ्या सदसद्विवेकबुद्धीपुढें तो मुद्दा गौण होता. वहिनींनीं नंबर दिला होता तो फोनच्या लोभानें नव्हे. माझ्या शब्दावर त्यांनीं तो दिला होता, आणि तो शब्द मीं कशाच्याही आधारावांचून खर्च केला होता. वरील गणित मीं त्या रात्रीं मांडलें. चाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकी दोन रुपये. चाळीस घरांचा माझ्यावरील विश्वास मीं ऐंशी रुपयांच्या आशेवर लावला होता.

अशा वेळीं आपल्याकडील कोणाही वाचलेल्या माणसास सभापर्व आठवल्यावांचून राहत नाहीं. युधिष्ठिरानें राज्य हरलें, भाऊ हरले, स्वतःस हरलें आणि शेवटीं द्रौपदीस पणाला लावलें. त्यानें द्यूत खेळावें कीं नाहीं, यावर त्या सभेंत कोणी वाद घातला असता तर भीष्मास उत्तर देणें अवघड गेलें नसतें. ज्या प्रश्नानें ती सभा निरुत्तर झाली तो द्रौपदीनें विचारलेला प्रश्न निराळाच होता: आधीं स्वतःस हरलेल्या माणसास मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून भीष्मानें तो टाळला. विकर्णानें मात्र स्पष्ट उत्तर दिलें, आणि त्याचें कोणी ऐकलें नाहीं. द्यूतांत खरा अधर्म कोठें शिरतो याची खूण या प्रश्नांत आहे. आपलें स्वतःचें गमावणें हा मूर्खपणा होईल, व्यसन होईल. जें आपलें नाहीं तें पटावर मांडणें ही त्याहून निराळ्या जातीची गोष्ट आहे.

साध्या लॉटरीचें तिकीट घेणारा हमाल या बाबतींत माझ्याहून शुद्ध ठरतो. त्यानें लावलेले पैसे त्याच्या घामाचे असतात. हरला तर तो हरतो. माझ्या या विनामूल्य सोडतींत मीं स्वतःचें असें फारच थोडें लावलें होतें. पटावर होते ते दुसऱ्यांचे क्रमांक, दुसऱ्यांची शांतता, आणि त्यांनीं माझ्यापाशीं ठेवीसारखा ठेवलेला विश्वास. पैसा मागत नाहीं म्हणून जी सोडत निरुपद्रवी दिसते, ती पैसा मागत नाहीं म्हणूनच आपणांस दुसऱ्याच्या मालमत्तेकडे वळविते. कारण पैसा मोजतांना हात अडखळतो, शब्द देतांना अडखळत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ज्यांस लिंक पाठविली तीं जाणतीं माणसें होतीं. नको असतें तर त्यांनीं नांव नोंदविलें नसतें. हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु संमति म्हणजे केवळ नकाराचा अभाव नव्हे. २०२३ सालच्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाच्या कायद्यानेंही संमति ही मोकळी, विशिष्ट आणि माहिती असून दिलेली असावी असें म्हटलें आहे. आणि कायदा झाला नसता तरी साधी माणुसकी तेंच म्हणत आली आहे. वहिनींनीं अटी वाचून संमति दिली नव्हती. माझें नांव वाचून दिली होती. अटी वाचण्याची त्यांची सावधगिरी माझ्या नांवानेंच झोपविली होती. तेव्हां त्यांच्या संमतीआड मला लपतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? हा एक खेळ आहे. तरुण मंडळी घटकाभर आशेंत रमतात, यांत बिघडलें काय? या आक्षेपाशीं मी बहुतांशीं सहमत आहें. ज्या मुलानें स्वतःचा पत्ता समजून उमजून दिला, जो फोन आवडला नाहीं त्याची खोटी स्तुति केली नाहीं, आणि मित्रांस ‘मला चिठ्ठ्या हव्या आहेत, म्हणून पाठवीत आहें’ असें मोकळेपणानें सांगितलें, त्याच्याशीं माझें कांहींही भांडण नाहीं. तो स्वतःचें लावून खेळला. पण ‘क्षुल्लक’ या शब्दाविषयीं मी साशंक आहें. शिफारस, साक्ष, जामीनकी, ओळखपत्र यांवर मध्यम वर्गाचा सारा संसार उभा आहे. आमच्या पिढीस पैशानें फारसें कांहीं देतां आलें नाहीं. जें दिलें तें बहुधा शब्दानें दिलें. तोच शब्द दोन दोन रुपयांच्या चिठ्ठ्यांत सुटा करून वाटूं लागलों, तर उद्यां एखाद्या विद्यार्थ्यासाठीं खरी शिफारस लिहितांना त्या कागदास वजन राहणार तें कशाचें?

आतां हकीकतीचा राहिलेला भाग. ऐंशी रुपयांच्या त्या हिशेबाशेजारींच दुसरा एक हिशेब मला दिसला आणि तो अधिक लाजिरवाणा होता. तिला हवा होता तसा साधा, वर्ग पाहण्यापुरता फोन तेव्हां आठ-दहा हजारांत येत असे. ज्या चाळीस जणांकडे मीं त्यांचें नांव मागितलें, त्यांच्याकडे अडीचशे रुपये मागितले असते, तर फोन त्याच आठवड्यांत आला असता. मीं मागितले नाहींत, कारण पैसे मागण्याची मला लाज वाटली. नांव मागण्याची वाटली नाहीं. शिवाय सोडतीनें मला एक मोठी सोय करून दिली होती: मुलीसाठीं कांहीं केल्याचें समाधान मला लाभलें होतें, आणि खिशास हात लावण्याची पाळी आली नव्हती. माझें कर्तव्य मीं दैवाच्या डब्यांत टाकून मोकळा झालों होतों.

ऑक्टोबरांत आम्हीं सहा सहकाऱ्यांनीं मिळून तिला फोन घेऊन दिला. तोंपर्यंत अर्धें सत्र हातचें गेलें होतें. तिनें तो घेतला. पण तिचा चेहरा मला वाटला होता तसा उजळला नाहीं. खालीं पाहत ती म्हणाली, “सर, सोडतींत लागला असता तर बरं झालं असतं. कुणाचे उपकार झाले नसते.”

या वाक्यास उत्तर देणें मला तेव्हां जमलें नाहीं, आणि अद्यापही पुरतें जमलें आहे असें वाटत नाहीं. मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानें १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दानावरील आपल्या निबंधांत दाखविलें आहे कीं, दिलेली वस्तु घेणाऱ्यावर परतफेडीचें बंधन टाकते. निखळ फुकट असें दान मनुष्यसमाजांत जवळ जवळ नसतेंच. त्या मुलीस हें पुस्तक न वाचतां ठाऊक होतें. गरिबास सोडतीची ओढ लागते ती केवळ लोभानें लागते असें आम्ही सुखवस्तु लोक समजतों. वस्तुतः तिला हवा होता मिंधेपणावांचून मिळणारा फोन. दैव हा एकच दाता असा आहे कीं जो देऊन मोकळा होतो आणि पुढें भेटल्यावर ओळख दाखवीत नाहीं. सोडतीविरुद्ध जेवढें मीं वर लिहिलें, त्या सर्वांशीं तोलून पाहण्याजोगें हें एक सत्य तिच्या बाजूस आहे.

तरीही दोन गोष्टी मला त्यावर सांगाव्याशा वाटतात. एक, उपकार टळले असते असें तिला वाटलें, तरी ते टळले नव्हते. ते चाळीस अनोळखी घरांवर वांटले गेले होते, आणि त्यांस आपण देत आहों याची वार्ताही नव्हती. दुसरी, जी वस्तु शिक्षणास अन्नाइतकी आवश्यक झाली ती दानानें मिळावी कीं दैवानें, हा प्रश्नच मुळांत चुकीचा आहे. ती हक्कानें मिळाली पाहिजे. २०१९ सालीं केरळ उच्च न्यायालयानें, वसतिगृहांतील मोबाइलच्या निर्बंधांविरुद्ध एका विद्यार्थिनीनें केलेल्या अर्जावर निकाल देतांना, इंटरनेटचा उपयोग हा शिक्षणाच्या हक्काचा भाग होय असें म्हटलें. हक्कास मिंधेपणा चिकटत नाहीं आणि त्यासाठीं कोणाचें नांवही पणाला लावावें लागत नाहीं. तो दिवस येईपर्यंत मात्र दान आणि सोडत यांतून निवड करणें भाग आहे. आणि निवड करतांना, मी जें पुढें ठेवीत आहें तें माझें आहे काय, एवढें तरी प्रत्येकानें स्वतःस विचारावें. माझें असेल तर खुशाल खेळावें. नसेल तर ज्याचें आहे त्याच्याकडे जाऊन, कारण सांगून, उघड मागावें.

उघड मागणें इतकें अवघड नसतें, हें मला वहिनींकडूनच शिकावयाचें होतें. नको असलेले फोन बंद करण्यासाठीं १९०९ या क्रमांकावर नोंद कशी करावी हें दाखविण्याच्या निमित्तानें मी त्यांच्या घरीं गेलों, आणि क्षमा मागतां मागतां त्या मुलीची सारी हकीकत सांगून टाकली. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “भाऊजी, हें तेव्हांच सांगायचं होतंत. ह्यांचा फोन कपाटांत तसाच पडून आहे. कुणाला द्यावा हें मला सुचत नव्हतं.”